‘येडा अण्णा’च्या मुलखातून ‘आयफ्लाय’ला

ताडोब्यातल्या एका वाघाचं नाव लोकांनी ‘येडा अण्णा’ ठेवलं. दुसऱ्याचं ‘मटकासुर’. वाघडोह, माया, छोटी तारा, गब्बर… ही नावं कुठल्या समितीनं ठरवली नाहीत की कुठल्या जाहिरात कंपनीला त्याचे पैसे मोजावे लागले नाहीत. जिप्सीवाल्यांनी, गाइडांनी, पाणवठ्यावर ताटकळणाऱ्या पोरांनी ती दिली आणि ती टिकली. आता याच देशातल्या सर्वात मोठ्या विमान कंपनीचं आकाशातलं नाव ऐका: ‘आयफ्लाय’. विमान कंपनी उडते, हे काय वेगळं सांगायला हवं?

आकाशातलं नाव म्हणजे काय, ते आधी सांगते. विमानाच्या शेपटीवर ‘इंडिगो’ लिहिलेलं असतं, तिकिटावर ‘६ ई’ छापलेलं असतं. पण वैमानिक आणि जमिनीवरचा नियंत्रक रेडिओवर बोलतात तेव्हा त्या विमानाला हाक मारतात ती ‘आयफ्लाय’ आणि पुढे क्रमांक. याला कॉलसाइन म्हणतात. प्रत्येक कंपनीचं असं एक बोलायचं नाव माँट्रियलच्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे नोंदलेलं असतं. नियम थोडे आणि शहाणपणाचे आहेत. नाव शक्यतो एका शब्दाचं असावं, फार तर दोन. तोंडात सहज बसावं. दुसऱ्या कुणाच्या नावाशी गफलत होऊ नये. कंपनीचंच नाव असलं पाहिजे अशी सक्ती नाही. इथेच खरी मौज सुरू होते, आणि इथेच आपण माती खाल्ली आहे.

मला या विषयात बोलायचा अधिकार काय, असं कुणी विचारील. मी विमानातली नव्हे, टेलिफोनातली बाई. चंद्रपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग आणि पीपी कॉलचा तो काळ. जंगलातून खांबाखांबांवरून गेलेल्या तारा, पावसाळ्यात त्यांच्यावर पडलेली झाडं, पर्लकोटा नदी फुगली की भामरागड गायब. अहेरी, सिरोंचाची लाइन लागली तरी पलीकडचा माणूस विहिरीत उभा राहून बोलतोय असं वाटायचं. त्या खरखरीत आकडे हमखास मार खात. सदतीस म्हटलं तर पलीकडे सत्तेचाळीस पोचायचं. म्हणून आम्ही एकेक आकडा सुटा करून सांगायचो, आणि नाव अडलं की ‘च चांद्याचा, ब बल्लारशाचा’. पण तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचं एखादं चमत्कारिक टोपणनाव असलं तर ते मात्र पहिल्या फटक्यात पार सिरोंच्यापर्यंत जायचं. खराब लाइनवर साधं नाव बुडतं आणि विचित्र नाव तरंगतं, एवढं मी कानानं शिकले.

माझा भाचा विमान नियंत्रक आहे. त्यांच्याकडेही हीच कथा. ते ‘नाइन’ म्हणत नाहीत, ‘नायनर’ म्हणतात, कारण खरखरीत ‘नाइन’ आणि ‘फाइव्ह’ एकसारखे ऐकू येतात. ‘थ्री’चा उच्चार ‘ट्री’ करायचा असा चक्क आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही, हे साऱ्या जगानं लेखी मान्य केलं आहे.

याचा सर्वात चोख पुरावा न्यू यॉर्कचा. १५ जानेवारी २००९. ला गार्डिया विमानतळावरून यूएस एअरवेजचं एअरबस ए-३२० उडालं, पक्ष्यांचा थवा आडवा आला, दोन्ही इंजिनं गेली. कॅप्टन सलनबर्गरनं ते हडसन नदीत उतरवलं आणि १५५ जणांपैकी एकही दगावला नाही. यावर सिनेमा निघाला, तो पुष्कळांनी पाहिला असेल. पण त्या संभाषणाची लेखी प्रत वाचा. उड्डाणाचा क्रमांक होता १५४९. संकट कोसळल्यावर कॅप्टन स्वतः रेडिओवर म्हणाला १५३९. नियंत्रक त्याला म्हणत राहिला १५२९. दोघंही पट्टीचे, आणि आपल्याच विमानाचा आकडा दोघांच्याही तोंडून घसरला. घसरलं नाही ते एकच: ‘कॅक्टस’. त्या कंपनीचं रेडिओवरचं नाव कॅक्टस होतं. कुणाशी बोलणं चाललंय याबद्दल त्या काही मिनिटांत क्षणभरही घोळ झाला नाही.

हे निवडुंग आलं कुठून? ॲरिझोना या वाळवंटी राज्यातली अमेरिका वेस्ट नावाची कंपनी होती, तिचं हे नाव. २००५ मध्ये ती यूएस एअरवेजमध्ये विलीन झाली. विमानांवर नाव राहिलं मोठीचं, रेडिओवर मात्र जिंकलं धाकटीचं निवडुंग. पुढे अमेरिकन एअरलाइन्सनं सगळंच गिळलं आणि २०१५ मध्ये कॅक्टस आकाशातून उतरलं. वैमानिक हळहळले म्हणतात. मला पटतं. ‘अमेरिकन’ म्हणून कुणी हळहळेल?

अशी नावं जगभर विखुरली आहेत. ब्रिटिश एअरवेज रेडिओवर ‘स्पीडबर्ड’. हे १९३२ सालच्या बोधचिन्हाचं नाव, इम्पीरियल एअरवेजच्या काळातलं. मधे कंपनी दोनदा बदलली, पक्षी तोच. आयर्लंडची एअर लिंगस ‘शॅमरॉक’, म्हणजे त्यांचं तीन पानांचं राष्ट्रीय गवत. दक्षिण आफ्रिकेची ‘स्प्रिंगबॉक’, तिकडचं हरीण. लेबननची ‘सीडर जेट’, कारण देवदार त्यांच्या झेंड्यावरच आहे. काठमांडूचा नियंत्रक एका दमात ‘बुद्धा’ला थांबवतो आणि ‘येती’ला उतरवतो, त्या दोन्ही नेपाळी कंपन्या आहेत. तैवानच्या चायना एअरलाइन्सला ‘डायनॅस्टी’ म्हणतात, आणि यात नुसता रुबाब नाही. बीजिंगची एअर चायना वेगळी. एकाच वेळी ‘चायना एअर’ आणि ‘एअर चायना’ अशा हाका सुरू झाल्या असत्या तर नियंत्रकाला भोवळ आली असती.

उलटीही तऱ्हा आहे. इंडोनेशियाच्या विमान कंपनीचं नाव गरुड. विष्णूचं वाहन, याहून चांगलं कॉलसाइन कुणाला सुचणार? पण रेडिओवर ती नुसती ‘इंडोनेशिया’. गरुडाला शेपटीवर बसवून ठेवलं आणि हाक मारताना विसरले.

मग आपण? एअर इंडिया ‘एअर इंडिया’. स्पाइसजेट ‘स्पाइसजेट’. विस्तारा होती तोवर ‘विस्तारा’. एअर इंडिया एक्सप्रेसला मूळ कंपनीपासून वेगळं काढायचं म्हणून शब्दांची अदलाबदल करून ‘एक्सप्रेस इंडिया’ केलं. बुद्धी चालवली ती एवढीच. अलायन्स एअर ‘अलाइड’. किंगफिशर मात्र ‘किंगफिशर’, म्हणजे आपला खंड्या. भारताच्या आकाशात एक पक्षी हाकेला ओ देत होता, तोही बिअरच्या पुण्याईनं, आणि २०१२ मध्ये तोही जमिनीवर आला. एअर एशिया इंडिया ‘रेड नाइट’ म्हणवून घ्यायची, लाल सरदार. ऐकायला झकास, पण तो नाट्यवेश मलेशियाहून आलेला. त्यांच्या घरात ‘रेड कॅप’, ‘झनाडू’ अशीच नावं चालतात. ती कंपनीही एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये विलीन झाली आणि लाल सरदाराचं ‘एक्सप्रेस इंडिया’ झालं. सरदाराला कारकून केल्यासारखं.

सगळ्यात जीव जळतो तो एअर इंडियासाठी. १९४६ पासून यांच्या घरात महाराजा आहे. बॉबी कूका यांनी कल्पिलेला, उमेश राव यांनी चितारलेला. झुबकेदार मिशा, कमरेत वाकलेला. साऱ्या जगात ओळखला जाणारा हा माणूस तिकिटांवर, पोस्टरांवर, काचेच्या पेल्यांवर दिसला, फक्त रेडिओवर त्याला कुणी बोलावलं नाही. ‘महाराजा १०१, आपण उतरू शकता’ असं हीथ्रोच्या गोऱ्या नियंत्रकाला म्हणावं लागलं असतं, याचा नुसता विचार करून पाहा. नाव जरा लांब आहे, एवढी अडचण कबूल. पण ‘एअर इंडिया’ तरी कुठे फार लहान आहे?

नावाची चैन परवडणारी नाही, असं आपल्याकडे मानतात. काम महत्त्वाचं, नाव काय करायचंय. मला हे उलटं वाटतं. देशांतर्गत विमानप्रवाशांपैकी निम्म्याहून अधिक आज एकट्या इंडिगोनं जातात. म्हणजे एकाच फ्रीक्वेन्सीवर ‘आयफ्लाय’, ‘आयफ्लाय’, ‘आयफ्लाय’ची माळ लागणार, आणि कोण कुठला हे ठरवणार फक्त आकडा, तोच आकडा, जो सलनबर्गरच्या तोंडून घसरला. युरोपातल्या कंपन्या यावर उपाय म्हणून क्रमांकात अक्षरं मिसळतात. तेही बरं. पण मुळात नाव ठसठशीत असलं की अर्धं काम तिथेच होतं. अमेरिकेत १९५३ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरांचं विमान ‘एअर फोर्स ८६१०’ म्हणून उडत होतं आणि त्याच भागात ईस्टर्न एअरलाइन्सचंही एक ८६१० आलं. त्या गोंधळातून धडा घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या विमानासाठी ‘एअर फोर्स वन’ हे नाव आलं, असा इतिहास सांगतात. ज्या नावाला आपण सत्तेचा तोरा समजतो, त्याच्या मुळाशी दोन सारखे आकडे आहेत.

आता आमच्याकडे या. वनखात्याच्या कागदावर वाघ म्हणजे टी आणि क्रमांक. ते हवंच, पट्टे जुळवायचे, नोंदी ठेवायच्या, तर नंबराला पर्याय नाही. पण माया ही टी-१२ होती, हे चंद्रपुरात किती जणांना सांगता येईल? २०२३ च्या पावसाळ्यात ती दिसेनाशी झाली, नोव्हेंबरात सांगाडा सापडला, डीएनए तपासून ती मायाच असल्याचं जाहीर झालं, तेव्हा पानटपरीवर माणसं बोलत होती ती मायाबद्दल. टी-१२ साठी कुणी चहा थंड होऊ दिला नसता. वाघडोह मे २०२२ मध्ये सिनाळ्याच्या जंगलात म्हातारा होऊन मेला. त्याचं नाव त्याच्या जागेवरून पडलेलं, म्हणून नाव घेतलं की वाघ आणि मुलूख दोन्ही डोळ्यांसमोर येतात. मोहर्लीच्या एका गाइडला मी विचारलं होतं, तुम्ही नंबर का नाही वापरत? तो म्हणाला, ‘बाई, गाडीत मागं सहा माणसं, समोर झुडपात वाघ. त्या टायमाला नंबर कोनाले आठवते?’ हडसनचं सगळं तात्पर्य त्यानं एका वाक्यात उरकलं.

गडचिरोलीत पोलिसांच्या नक्षलविरोधी सी-६० पथकाची स्थापना १९९० ची. त्यातल्या तुकड्या ओळखल्या जातात त्या त्यांच्या कमांडरच्या नावानं, अमक्याची पार्टी, तमक्याची पार्टी. जिथं चूक झाली तर माणूस मरतो तिथं माणसं नाव धरतात, असं मला दिसतं. कमलापूरच्या हत्तींनाही मंगला, अजित अशीच नावं आहेत. त्यांना नंबरानं हाक मारून पाहा, सोंडसुद्धा हलणार नाही.

पण एक गोष्ट नाकारता येत नाही. वडसा, ब्रह्मपुरी, भंडारा भागात १३ माणसं मारणारा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडला गेला, त्याला ‘सीटी-१’ म्हणत. राजुऱ्याचा ‘आरटी-१’ त्याआधी दोन वर्षं, आठ बळींनंतर पिंजऱ्यात गेला. या दोघांना कुणी लाडाचं नाव दिलं नाही. ज्या बाईला पहाटे मोहफुलं वेचायला जायचं आहे तिला ‘येडा अण्णा’ ऐकून हसू येत नाही. नाव देणं हा जिप्सीत बसलेल्यांचा विनोद आहे, असं कुणी मला तोंडावर सुनावलं तर मी गप्प बसेन. विमानांतही हे घडलंय. अमेरिकेतली व्हॅल्यूजेट कंपनी. तिच्या विमानांवर हसऱ्या चेहऱ्याचं बाळसेदार विमान रंगवलेलं, आणि रेडिओवरचं नाव ‘क्रिटर’, म्हणजे चिल्लर प्राणी. ११ मे १९९६ रोजी ‘क्रिटर ५९२’ फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळलं, ११० माणसं गेली. त्या दुपारी नियंत्रकाला हाका माराव्या लागल्या त्या याच गमतीच्या नावानं. पुढे कंपनीनं नाव बदललं, कॉलसाइनही बदलून ‘सिट्रस’ केलं. तेव्हा नाव निवडताना एवढं बघावं: वाईट दिवशीही ते तोंडातून नीट निघेल का? कॅक्टस त्या परीक्षेत उतरलं, क्रिटर उतरलं नाही.

दुसरा आक्षेप भाच्याचा, तो धंद्यातला आहे. जमिनीवर एखाद्या वैमानिकाला ‘डायनॅस्टीच्या मागून चला’ असं सांगितलं की तो बिचारा डायनॅस्टी लिहिलेलं विमान शोधत बसतो. शेपटीवर तर चायना एअरलाइन्स. नवख्याचा गोंधळ होतो, खरंय. पण नवख्याला एकदाच शिकावं लागतं. स्पीडबर्ड कोण, हे विचारणारा वैमानिक आता कुठे भेटतो?

माणसांनाही अशी नावं असतात, आणि तिथं आपण मुळीच मागे नाही. शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये अंतराळ स्थानकाकडे गेले, ते ‘शुक्स’ म्हणून. हे लढाऊ वैमानिकांच्या बिरादरीतलं नाव. १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले तेव्हा सोयूझ टी-११ ला रशियन हाक होती ‘युपितेर’, म्हणजे गुरू ग्रह. व्हॅलेन्तिना तेरेश्कोवा १९६३ साली ‘चायका’ होती, समुद्रपक्षी, आणि रशियात ती पुढेही चायकाच राहिली. हवाई दलाच्या मेसमध्ये एकमेकांना अशी खमंग नावं ठेवणारे आपलेच लोक पुढे नागरी कंपनीत जातात आणि ‘आयफ्लाय’ म्हणत निवृत्त होतात. मधल्या वाटेवर त्यांचा विनोद कुठे सांडतो, कळत नाही.

आमच्या भागाला हा विषय परका नाही. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगावला भेटायची, थैल्यांची अदलाबदल करून आपापल्या गावी परतायची. देशाच्या मध्यावरचं आकाश म्हणजे चौफुलीच. आजही गच्चीवर मोबाइलवरचं विमानांचं ॲप उघडलं की दिल्लीहून दक्षिणेला जाणारी रांग डोक्यावरून सरकताना दिसते. ॲपवर ‘आयजीओ’, ‘एआयसी’ अशी तीन अक्षरं येतात. मी मनातल्या मनात त्यांची बोलायची नावं घेते आणि ‘बीएडब्ल्यू’ आलं की मोठ्यानं ‘स्पीडबर्ड’ म्हणते. सून म्हणते, आई पुन्हा एक्स्चेंजमध्ये गेल्या.

आता चंद्रपूरजवळच्या मोरव्याच्या धावपट्टीवर वैमानिक घडवायची योजना नागपूर फ्लाइंग क्लबच्या नावानं पुढे आली. शिकाऊ विमानाला हाक सहसा त्याच्या नोंदणीच्या अक्षरांनीच असते, ‘व्हिक्टर टँगो’ आणि पुढे तीन अक्षरं. पण उद्या या भागातून एखादी छोटी कंपनी उडाली, किंवा आहे त्या एखाद्या कंपनीला सुबुद्धी झाली, तर नावं आमच्याकडे ढिगानं आहेत. मी यादी करून भाच्याकडे पाठवली. ‘धनेश’ त्यानं पहिल्याच फेरीत बाद केला. ‘ध’ म्हणताना फ्रेंच वैमानिक विमान वळवून परत जाईल म्हणे. ‘गौर’ बाद, कारण ऐकायला ‘गो एअर’सारखं वाटतं, ती कंपनी २०२३ मध्ये बंद पडली असली तरी अपशकुन कशाला. ‘मोहा’ मला फार आवडलं होतं. दोन अक्षरं, मऊ, आणि गडचिरोलीचं सगळं जंगल त्यात मावतं. पण उड्डाणाआधी ज्या वैमानिकांना श्वास फुंकून दारू न प्यायल्याचं सिद्ध करावं लागतं, त्यांनी ‘मोहा’ म्हणून परवानगी मागायची, हे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएला रुचणार नाही. ‘शेकरू’ राज्यप्राणी आहे, झाडांवरून लांब झेपा घेतो, बाकी सगळं जमतं. पण भाच्याचं म्हणणं, परदेशी नियंत्रक त्याचं ‘शुगर’ करून टाकतील.

उरले ‘सांबर’ आणि ‘चितळ’. दोन्ही आखूड, दोन्ही इंग्रजांच्या शब्दकोशात आधीच जाऊन बसलेले. माझं मत सांबरला. ‘सांबर २४१’ म्हटल्यावर चेन्नईच्या नियंत्रकाला भूक लागेल, एवढाच धोका दिसतो. भाचा चितळवर अडून बसलाय. त्याची सासुरवाडी सदाशिव पेठेतली, बाकरवडीची सवय लागलेली. तेव्हा त्याचं मत निःपक्षपाती धरू नये.